मुक्त परिचालन प्रणाली : सुलभता व अध्ययन

ज्या परिचालन प्रणालीची मूळ आज्ञावली, म्हणजेच सोर्स कोड, कोणासही वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास खुली असते, तीस मुक्त परिचालन प्रणाली म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेला ग्नू प्रकल्प आणि लिनस टॉर्व्हाल्ड्‌स यांनी हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्स हा गाभा, यांच्या संयोगातून तिची अनेक प्रचलित रूपे सिद्ध झाली.

या रूपांत दोन प्रवृत्ती दिसतात. उबुंटू (२००४) या संचाची स्थापना चित्रमय पडद्यावरून थोड्या वेळात होते. याउलट आर्च (२००२) याच्या परंपरागत स्थापनेत तबकडीचे विभाजन, जाळ्याची जोडणी इ. कामे आज्ञा टंकित करून स्वतः करावी लागतात. पहिलीमुळे संगणक त्वरित उपयोगात येतो. दुसरीमुळे त्याची अंतर्रचना कळते.

सोलापूरच्या चादरीसाठी वापरला जाणारा जॅकार्ड माग या भेदाचे स्पष्टीकरण करतो. आलेखपत्रावरील नक्षी छिद्रांकित पत्त्यांवर उतरविली जाते. छिद्र असेल तेथे आकडा व त्याबरोबर ताण्याचा धागा वर उचलला जातो. पत्त्यांची माळ चढविली की, नक्षीचे गणित न जाणताही माग चालविता येतो. परंतु नक्षीत चूक निघाल्यास ती पत्त्यांचा अर्थ जाणणाराच दुरुस्त करू शकतो. संगणकाच्या प्रारंभीच्या छिद्रपत्त्यांचे मूळही याच तंत्रात आहे.

अडचणीतून शिकण्याच्या मतास मानसशास्त्राचा मर्यादित आधार आहे. रॉबर्ट बिऑर्क यांनी १९९४ मध्ये ‘इष्ट अडचणीं’ची संकल्पना मांडली : आठवण्यास भाग पाडणारे श्रम ज्ञान टिकाऊ करतात. मात्र जॉन स्वेलर यांच्या १९८८ मधील विवेचनानुसार नवशिक्याच्या स्मृतीवर एकाच वेळी फार भार पडल्यास तो उत्तर शोधूनही तत्त्व शिकत नाही. म्हणून प्रत्येक अडचण उपकारक ठरत नाही. आज्ञेचा परिणाम समजून घेण्याचे कष्ट शिकवितात. न कळणाऱ्या इंग्रजीतील दोषसंदेश केवळ अडवितात.

मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलल्या जाणाऱ्या सोलापूरसारख्या शहरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. सी-डॅकने डेबियनच्या आधारे तयार केलेली ‘बॉस’ प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येते. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध असून, पाठ थांबवून प्रत्येक कृती स्वतः करून पाहणे ही त्यांची पद्धती आहे.

सुलभता व अध्ययन यांत तत्त्वतः विरोध नाही. उबुंटूच्या चित्रमय पडद्यामागेही आज्ञांची खिडकी व साध्या मजकुराच्या संरचना-फाइली असतातच. प्रवेशाचे दार सोपे असावे व आतील कोणतीही खोली कुलूपबंद नसावी. मूळ आज्ञावली खुली ठेवण्याचे शैक्षणिक मोल यातच आहे.