जपानी शर्यतीला हौशी ठिगळ!

गाड्यांच्या शर्यतीला भाषा कशाला हवी? बटण दाबलं की गाडी पळते, वळण आलं की वळवायची आणि धडक बसली की खेळ खलास! नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेला ठोकळ्यांचा ब्रिक गेम आठवा. त्यातली मोटारींची शर्यत खेळायला अक्षरओळखसुद्धा लागत नसे. मग एका जपानी शर्यतीच्या खेळाचा इंग्रजी अनुवाद करण्यासाठी हौशी मंडळींनी आपला फावला वेळ का खर्ची घातला असेल?

हा खेळ म्हणजे ‘एफ-झिरो क्लायमॅक्स’. जपानच्या निन्टेन्डो कंपनीची ‘एफ-झिरो’ ही मालिका १९९० साली सुरू झाली. जमिनीपासून अधांतरी धावणाऱ्या, भविष्यकाळातल्या यानांची ही शर्यत. ‘क्लायमॅक्स’ आला २१ ऑक्टोबर २००४ रोजी, ‘गेमबॉय अ‍ॅडव्हान्स’ या तळहातावर मावणाऱ्या यंत्रासाठी. पण तो विकला गेला फक्त जपानमध्ये! महिन्याभरातच कंपनीचं ‘डीएस’ हे नवं यंत्र अमेरिकेच्या बाजारात आलं आणि जुन्या यंत्राचे दिवस भरत आले. त्यानंतर मालिकेतला पुढचा नवा खेळ, ‘एफ-झिरो ९९’, यायला २०२३ चा सप्टेंबर उजाडावा लागला. म्हणजे चाहत्यांनी जवळजवळ १९ वर्षं वाट पाहिली!

गंमत अशी की, जपानमध्ये घेतलेलं कार्ट्रिज कुठल्याही देशातल्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर चालायचं. ते मागवता येई, सुरूही होई. अडचण पुढेच होती. या खेळात नुसती धावाधाव नाही. दिलेलं काम पुरं करायच्या मोहिमा आहेत आणि स्वतःची शर्यतीची वाट आखायची सोयही आहे. समोर काय लिहिलंय तेच वाचता येत नसेल, तर खेळणारा चाचपडणारच.

शब्द मोठे, जागा छोटी

कार्ट्रिजमधला मजकूर यंत्राच्या दृष्टीने नुसते आकडे असतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याचा तक्ता अनुवादकाला आधी स्वतःच तयार करावा लागतो. मग अनुवाद आणि त्यानंतर खरी डोकेदुखी. ‘कासोकु’ म्हणजे वेग वाढवणं. जपानीत हा शब्द दोन चित्राक्षरांत बसतो. इंग्रजीत ‘अ‍ॅक्सिलरेशन’ लिहायला बारा अक्षरं लागतात! दोन माणसांच्या बाकावर बारा जणांना बसवायचं कसं?

त्यावर तोडगा असा, की लांबलेलं वाक्य कार्ट्रिजमधल्या रिकाम्या जागेत हलवायचं आणि मूळ ठिकाणी ‘मजकूर आता तिकडे आहे’ अशी खूण बदलायची. पुस्तकातलं प्रकरण हलवलं की अनुक्रमणिकेतला पानाचा आकडा बदलावा लागतो, तसंच हे. एक आकडा चुकला की पडदा गोठतो किंवा अक्षरांची खिचडी होते. शिवाय काही शब्द मजकूर म्हणून नव्हे, चित्र म्हणून साठवलेले असतात. ते ठिपका ठिपका जोडून नव्याने काढावे लागतात.

हेच मराठीत करायचं झालं तर? या यंत्राच्या पडद्यावर २४० आडवे आणि १६० उभे ठिपके असतात आणि चित्राचा मूळ चौकोन अवघा ८ बाय ८ ठिपक्यांचा. इंग्रजी अक्षर त्यात आरामात बसतं. आपल्या ‘र्कू’ला मात्र वर रफार, खाली दीर्घ ऊकार आणि मध्ये अक्षर! त्याला एकावर एक दोन चौकोन तरी द्यावे लागतील.

वाटा आखणारे खेळाडू

‘क्लायमॅक्स’मध्ये आखलेली वाट जोडतारेने दुसऱ्याच्या यंत्रात पाठवता येते किंवा सांकेतिक अक्षरांच्या रूपात कागदावर उतरवूनही देता येते. अनुवादामुळे या सोयीचा वापर जपानी न येणाऱ्यांनाही नीट करता येऊ लागला. काही हौशी याही पुढे जातात. यानाची मजबुती, जोर आणि पकड हे गुणही शेवटी आकडेच. ते बदलले की तेच यान वेगळं धावू लागतं. खेळातल्या अशा फेरफारांना ‘मॉड’ म्हणतात.

हे कायद्यात बसतं का?

पालकांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. हौशी अनुवादक संपूर्ण खेळ वाटत नाहीत. ते वाटतात ‘पॅच’, म्हणजे ठिगळ. कुठल्या जागी कोणता आकडा बदलायचा, एवढीच यादी त्यात असते. मूळ खेळ ज्याचा त्याने आणायचा. तरीही आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अनुवादाचा हक्क मूळ मालकाचाच. त्यामुळे हा उद्योग सरळसरळ कायदेशीर आहे, असं म्हणता येत नाही. संपूर्ण खेळ फुकट देऊ करणाऱ्यांपासून तर दूरच राहावं. ती उघड चोरी आहे.

पण या मंडळींची नियत कशी असते? याच यंत्रावरचा ‘मदर ३’ हा खेळ २००६ साली जपानमध्ये निघाला. त्याचा हौशी अनुवाद ऑक्टोबर २००८ मध्ये बाहेर पडला आणि आठवड्याभरात एक लाखाहून अधिक वेळा उतरवून घेतला गेला. त्याचे प्रमुख क्लाइड मँडेलिन हे व्यवसायानेच अनुवादक. त्यांनी पुढे निन्टेन्डोला सांगितलं, ‘आमचा अनुवाद हवा तर फुकट वापरा.’ तो खेळ कंपनीने जपानबाहेर आणलाच नाही.

‘क्लायमॅक्स’चं नशीब थोडं बरं. ऑक्टोबर २०२४ मध्ये निन्टेन्डोने आपल्या ‘स्विच’ यंत्राच्या सशुल्क सेवेतून तो प्रथमच जपानबाहेर दिला. पण कसा? जपानीतच! वीस वर्षांनी दार उघडलं, तरी आतल्या पाट्या वाचायला आधार हौशी मंडळींच्या कामाचाच.

तेव्हा घरातला मुलगा किंवा मुलगी एखाद्या जुन्या खेळातले आकडे चाळत बसलेली दिसली, तर लगेच ओरडू नका. मूळ खेळ कुठून आणला, हे जरूर विचारा. आणि त्या आकड्यांतून अक्षर कसं उमटतं, हेही विचारा. कदाचित ते तुम्हाला समजावून देता देता गणित, चित्रकला आणि परकी भाषा या तिन्हींचा अभ्यास होऊन जाईल!