जुनी वस्तू ऑनलाइन विकताय? पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही

भिलाईत प्लांटचे क्वार्टर सोडताना कूलर, लोखंडी कपाट, सायकल, शिलाई मशीन विकायला काढणे नवीन नाही. पूर्वी शेजारी किंवा कबाडीवाला वस्तू घेऊन जायचा. आता फोटो काढून ओएलएक्सवर किंवा फेसबुकवर टाकतात. फसवणारेही त्याच जाहिराती पाहत असतात.

समजा, तुम्ही कूलरची किंमत २,५०० रुपये लिहिली. थोड्या वेळात फोन येतो. समोरचा माणूस म्हणतो, मी सीआयएसएफमध्ये आहे, नुकतीच बदली झाली आहे, कूलर घ्यायला गाडी पाठवतो. प्लांटची सुरक्षा सीआयएसएफकडेच असल्यामुळे भिलाईत हे लगेच खरे वाटते. व्हॉट्सअॅपवर ओळखपत्राचा फोटोही येतो. तो वस्तू पाहायला येत नाही आणि भावही करत नाही. जुना कूलर घासाघीस न करता कोण घेतो?

मग ‘खाते तपासतो’ म्हणून तो १० रुपये पाठवतो. ते खरोखर जमा होतात. त्यानंतर क्यूआर कोड येतो आणि ‘स्कॅन करा, पूर्ण रक्कम मिळेल’ असे सांगितले जाते. स्कॅन करून पिन टाकला की २,५०० रुपये तुमच्याच खात्यातून जातात. ‘चुकून झाले, परत करतो’ म्हणत तो पुन्हा स्कॅन करायला लावतो.

यूपीआय पिन पैसे देताना आणि शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेण्यासाठी पिन, स्कॅन किंवा ओटीपी यांपैकी काहीही लागत नाही. खरेदीदाराला फक्त तुमचा यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड पुरतो.

यूपीआयमध्ये ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ नावाची सोय होती. ‘रिक्वेस्ट’ हा शब्द ऐकायला विनंतीसारखा, पण मराठीत याला ‘पैशांची मागणी’ म्हणणेच बरोबर. ती मंजूर केली की पैसे तुमचे जायचे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. क्यूआर कोड आणि पैसे भरण्याच्या लिंक मात्र चालू आहेत.

दुसरा प्रकार खोट्या मेसेजचा. ‘२,५०० ऐवजी २५,००० गेले, उरलेले परत करा’ असा फोन येतो आणि बँकेसारखा दिसणारा मेसेजही. मेसेजवर विसंबू नका, बँकेच्या अॅपमध्ये किंवा पासबुकात शिल्लक पाहा. जास्तीची रक्कम खरोखर जमा झाली असेल, तरी स्वतः परत पाठवू नका, बँकेला कळवा. ती दुसऱ्या कुणाला फसवून आणलेली असू शकते, आणि मग तपासासाठी तुमचेच खाते रोखले जाते. महतारी वंदन योजनेचे दरमहाचे १,००० रुपये त्याच खात्यात येत असतील, तर तेही काढता येत नाहीत.

म्हणून अनुदानाचे खाते शक्यतो यूपीआयला जोडू नका. खरेदी-विक्रीसाठी वेगळे खाते वापरा आणि त्यात थोडीच रक्कम ठेवा. नवीन खाते उघडताना एक लक्षात ठेवा: अर्जात ‘डीबीटी याच खात्यात घ्यावी’ अशी संमती असते. न वाचता सही केलीत, तर योजनेचे पैसे त्या खात्याकडे वळू शकतात.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा. बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक (यूटीआर) जवळ ठेवा. चोराने पैसे पुढे काढण्याआधी कळवले, तर ते वाटेतच थांबवता येतात. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. बँकेलाही त्याच दिवशी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, त्यानंतरचे बँकेचे, असा नियम होता.

फोन करणारा दुसऱ्या राज्यातला असला, तरी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. त्याचा नंबर, चॅट आणि क्यूआर कोडचा फोटो मोबाइलमधून पुसू नका.