काचेच्या टाकीतील भाऊबंदकी

धरमपुरीस राहणाऱ्या माणसाने घरात मासे पाळावेत, हा नदीकाठी विहीर खणण्याचा प्रकार होय, असे आमच्या आप्तेष्टांपैकी अनेकांनी आम्हांस ऐकविले आहे. घाटावर जावे, कणकेच्या चार गोळ्या टाकाव्यात, की मासे पायांशी गोळा होतात. त्यांना ना टाकी लागते, ना विजेचा पंप. हे सारे खरे. तरीही गेली चार वर्षे आमच्या ओसरीवर काचेची टाकी आहे, आणि तिने आम्हांस जे दाखविले ते घाटावर पाहावयास मिळाले नसते.

आरंभ दिवाळीत झाला. इंदुरास शिकणारा आमचा पुतण्या दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि तितकीच उंच अशी टाकी मांडीवर घेऊन धामणोदमार्गे घरी आला. सोबत प्राणवायू भरलेल्या पिशवीत चार गोल्डफिश आणि राखी अंगावर काळे उभे पट्टे असलेले पाच इवलेसे मासे होते. “काका, दुकानदार म्हणाला, सगळे एकत्र राहून घेतात,” असे त्याने सांगितले. (‘राहून घेतात’ हे आपले माळव्याकडचे मराठी, पुण्याच्या पाहुण्यांना हसू येते, आम्हांस येत नाही.)

संक्रांतीपर्यंत सर्व गुण्यागोविंदाने नांदले. पुढे पट्टेवाल्यांपैकी एक नर व एक मादी यांनी कोपऱ्यातली मातीची कुंडी बळकावली. प्रथम गोल्डफिशांच्या शेपट्यांच्या चिंध्या झाल्या, मग एकेक सकाळी एकेक मासा पाण्यावर तरंगताना दिसू लागला. महाशिवरात्रीस पाहतो तो नवांपैकी तीनच उरले होते. कुंडीचे ते मालक, आणि पंपाच्या नळीमागे अंग चोरून उभा असलेला त्यांचाच एक भाऊबंद. त्याला आम्ही लोणच्याच्या रिकाम्या बरणीत हलविले. सौ. म्हणाल्या, “असले खुनी मासे घरात नकोत.” त्या वेळी आमचेही मत निराळे नव्हते.

चौकशीअंती कळले की हे मासे सिक्लिड नावाच्या मोठ्या कुळातले. आमचे पट्टेवाले मूळचे मध्य अमेरिकेतील ओढ्यानाल्यांचे. पट्ट्यांमुळे इंग्रजीत त्यांना ‘कैदी’ या अर्थाचे नाव पडले आहे. नर बोटाएवढा, फार तर चार-साडेचार इंच. मादी त्याहून लहान आणि पोटाशी नारिंगी झाक असलेली. याच कुळातील दुसऱ्या एका माशाला जॅक डेम्प्सी या मुष्टियोद्ध्याचे नाव दिलेले आहे, यावरून घराण्याची कीर्ती ध्यानी यावी. दुकानांत दिसणारा ऑस्कर हाही यांचाच गोत्रज. लहानपणी गोजिरवाणा, आणि पुढे फूटभर लांब होऊन तोंडात मावेल ते गिळणारा. कपाळावर टेंगूळ असलेला ‘फ्लॉवरहॉर्न’ तर निसर्गात नव्हताच; १९९० च्या दशकात मलेशियात संकर करून तो काढला, आणि भाग्य उजळते म्हणून लोक तो दिवाणखान्यात ठेवू लागले. भारताचे स्वतःचे सिक्लिड मात्र तीनच. गोव्याकडची मंडळी ज्याला काळुंदर म्हणून चवीने खातात तो त्यांपैकी एक, आणि केरळात करिमीन म्हणतात तोही हाच.

मग हे मासे स्वभावानेच दुष्ट काय? आता आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांच्या घरी शेतीवाडी आहे, त्यांना बांधाचा कज्जा म्हणजे काय ते सांगावयास नको. सिक्लिडांचे भांडण हे बांधाचे भांडण आहे. नर-मादी जोडीने राहतात, जागा निवडतात, अंडी घालतात आणि मग त्या जागेच्या आसपास कोणास फिरकू देत नाहीत. ओढ्यात हरलेला मासा चार हात दूर पळतो आणि तंटा मिटतो. दोन फुटांच्या काचेत पळावयाचे कोठे? हरलेला समोरच राहतो, म्हणून जिंकणाऱ्याच्या लेखी तो हरलेलाच नसतो. आमच्या गोल्डफिशांचा जीव त्या जोडप्याने घेतला खरा. परंतु त्यांना त्या पेटीत एकत्र कोंडणारे आम्हीच होतो. त्यात उष्णतेची भर पडते. पाणी तापले की यांची हालचाल आणि चीड दोन्ही वाढतात, आणि निमाडचा उन्हाळा कसा असतो हे काय सांगावे?

म्हणून चैत्रात चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी टाकी करविली. नऊ घनफूट म्हणजे सुमारे अडीचशे लिटर पाणी, आणि वजनही तितकेच किलो. त्यासाठी लोहाराकडून लोखंडी घोडा करून घ्यावा लागला. आत दगड रचले, जुनी कवेलू उपडी घातली. दगड शोभेसाठी नव्हेत, एकाची दृष्टी दुसऱ्यावर सतत पडू नये यासाठी. नवा मासा सोडावयाचा झाल्यास सारे दगड हलवून पुन्हा रचावेत, म्हणजे जुन्यांचाही सातबारा रद्द होतो आणि सर्वांना नव्याने जागा धरावी लागते. आमचे बोअरचे जड पाणी, ज्यात डाळ शिजत नाही, या माशांना उत्तम मानवले. नळाचे घेणे असल्यास क्लोरीन उडून जावे म्हणून ते एक दिवस उघडे ठेवून घ्यावे. सारे पाणी एकदम कधीही बदलू नये. आठवड्याला चौथा हिस्सा पुरे, कारण माशांची घाण पचविणारे सूक्ष्म जीव फिल्टरच्या स्पंजात वसलेले असतात. वीज गेली की पंप थांबतो, यास्तव बॅटरीवरचा लहान पंप घरी असावाच.

बरणीतल्या त्या तिसऱ्या नराचे काय करावे, हा प्रश्न राहिला होता. याचे उत्तर पुतण्याने आणलेल्या एका पुस्तकात सापडले. कोनराड लोरेन्ट्स या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने (१९७३ च्या नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी) १९६३ साली प्राण्यांच्या आक्रमकतेवर ग्रंथ लिहिला. त्यात सिक्लिडांच्या जोडप्याविषयी एक चमत्कारिक निरीक्षण आहे. जोडपे एकटेच ठेवले तर नर आपला राग मादीवर काढतो, प्रसंगी तिला ठार करतो. परंतु मध्ये काच घालून पलीकडे शेजारी ठेवला, तर नर त्या शेजाऱ्याशी काचेतून भांडतो आणि घरात सौम्य राहतो. मात्र काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला, की घरातली कटकट पुन्हा सुरू होते.

आम्ही टाकीत काचेचा पडदा बसवून बरणीतल्या नराला पलीकडची सव्वा फूट जागा दिली. दोघे दिवसातून दहा वेळा काचेशी येत, पंख फुलवीत, तोंडे उघडून दाखवीत, आणि आपापल्या घरी परत जात. ज्येष्ठात मादीने कवेलूखाली अंडी घातली. तिसऱ्या दिवशी ती फुटली, आणि आठवड्याने पोहऱ्यांची ढगुळी आईमागून पोहू लागली. बाप बाहेरची फेरी मारी, आई गाळ पंखांनी उकरून पिलांना खाद्य मोकळे करून देई. ‘खुनी मासे’ म्हणणाऱ्या आमच्या सौ. त्या दिवसांत पोळी तव्यावर टाकून ओसरीत येऊन उभ्या राहत असत.

पुढे अश्विनात देवासला लग्नकार्यानिमित्त दहा दिवस गेलो. दाणे घालण्याचे काम शेजारच्या मुलाने निष्ठेने केले, परंतु ओसरीवर ऊन येते हे कोणाच्याच ध्यानी राहिले नाही. परत येऊन पाहतो तो पडद्याची काच हिरवीगार, आणि मादी वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या कडेशी, शेपटी अर्धी कुरतडलेली, एका अंगाचे खवले गेलेले. पुस्तकातले वाक्य आठवावयास क्षण लागला नाही. आमच्या नातीने जुन्या टूथब्रशने काच घासली. पाव तासाच्या आत नर शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. तरी धोका नको म्हणून आम्ही मादीला दोन आठवडे वेगळी ठेवली. शेपटी बरीचशी भरून आली, मात्र एक कोपरा आजही तुटका आहे. एका टाकीवरून सिद्धान्त मांडू नये, हे आम्ही जाणतो. परंतु तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती काच घासली जाते.

आता पिलांची गोष्ट, आणि आमच्या मते या लेखातली महत्त्वाची. पहिल्याच खेपेस शंभरावर पिले जगली. इतकी ठेवावीत कोठे? घरी आलेल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: मैयात सोडा, पुण्य लागेल. आमच्या वयोवृद्ध आत्याबाईंनी तर दिवसही सुचविला, नर्मदा जयंतीचा. बेंटावरच्या बिल्वामृतेश्वराचे दर्शन घेऊन परत येताना सोडावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांना नाही म्हणणे आम्हांस जड गेले, परंतु म्हणावे लागले.

कारण याच कुळातल्या तिलापियाची कथा आपल्या समोर आहे. अन्नासाठी म्हणून १९५२ साली आफ्रिकेतला हा मासा भारतात आणला गेला. उजनीच्या जलाशयात त्याला ‘चिलापी’ असे मराठी नावही मिळाले, आणि भिगवणच्या बाजारात तो ढिगाने विकला जातो. गंगा-यमुनेतही त्याच्या जातभाईंनी बस्तान बसविले आहे. आमचे पट्टेवाले अमेरिकेत नेवाडातल्या उबदार झऱ्यांत कोणी सोडले, तेथे ते माजले आणि मूळच्या लहान माशांना भारी झाले. नर्मदेचे पाणीही उबदार आहे. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ साली बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच पूर्ण भरला. फुगवटा आला म्हणजे आमच्या भागातली मैया तळ्यासारखी निश्चल होते. साचलेले पाणी असल्या पाहुण्यांना सोयीचे, आणि वाहत्या पाण्याच्या महाशीरला, म्हणजे आपल्या बाडसला, गैरसोयीचे. ज्या माशाला मध्यप्रदेश शासनाने २०११ साली राज्यमत्स्याचा मान दिला, त्याच्या अंगणात आम्ही नवे भाऊबंद नेऊन सोडावेत काय? ज्यांनी दोन फुटांच्या टाकीत सहा जीव घेतले, ते आमच्या श्रद्धेखातर नदीत साधू होणार नाहीत.

आत्याबाईंना हे एका बैठकीत पटले नाही. त्या महिनाभर आमच्याशी मोजकेच बोलल्या. शेवटी एके दिवशी त्यांना टाकीपुढे खुर्चीत बसविले, आणि नर काचेवर कसा धावतो ते पाहू दिले. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, “अगबाई, हा तर अगदी आपल्या थोरल्या वाड्यातला दिसतो.” नदीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

पिले पिशव्यांत भरून पुतण्या इंदुरास घेऊन गेला. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, बदल्यात फिल्टरचे दोन स्पंज दिले. त्यानंतर मात्र आम्ही पडद्याची जागा बदलली आहे: मादी एकीकडे, दोघे नर दगडांच्या आडोशाने दुसरीकडे. बोअरचे पाणी भरलेली बरणी रिकामीच ठेवलेली असते, कोणास केव्हा लागेल याचा नेम नाही म्हणून.