पाळणाघरात जेवणाचे ‘फक्त हजार रुपये जास्त’? काकूंचा हिशोब नेमका कुठे चुकतो

ठाणे, डोंबिवली, पिंपरी-चिंचवड. आई-बाबा दोघंही नोकरी करतात अशा सोसायट्यांमध्ये एक तरी घर असं असतं, जिथे सकाळी आठपासून दाराबाहेर चिमुकल्या चपला जमायला लागतात. पाटी असो वा नसो, सगळ्यांना माहीत असतं की इथे काकू पाळणाघर चालवतात.

फी विचारली की उत्तर दोन भागांत येतं. सांभाळायचे इतके आणि जेवण हवं असेल तर हजार रुपये जास्त.

हा हजाराचा आकडा येतो कुठून? बऱ्याचदा शेजारच्या बिल्डिंगमधल्या पाळणाघरातून. ते हजार घेतात, म्हणून आपणही हजार. पण त्या हजारात काय काय बसतं, हे कागदावर मांडलं की गडबड लक्षात येते.

समजा सहा मुलं आहेत. सकाळचा नाश्ता, दुपारी वरण-भात-पोळी-भाजी आणि संध्याकाळी दूध किंवा फळ. एका मुलामागे दिवसाला ४५ रुपयांचं सामान लागतं आणि महिन्यात २२ दिवस पाळणाघर चालतं, असं धरू. (तुमच्या भागातले भाव घालून बघा, आकडे बदलतील, पण रीत हीच.) एका मुलाचे झाले ९९० रुपये. म्हणजे हजार बरोबरच आहेत की!

इथेच फसगत होते. हे फक्त वाण्याचं आणि भाजीवाल्याचं बिल झालं. गॅसचे ६०० धरा. भांडी आणि ओटा आवरायला मावशी थोडा जास्त वेळ थांबतात, त्यांचे २,५०० धरा. आणि काकू स्वतः? रोज दोन तास स्वयंपाक आणि भरवण्यात जातात. तासाला अवघे ६० रुपये लावले तरी महिन्याचे २,६४० होतात. सहा मुलांचं सामान ५,९४० रुपयांचं. सगळं मिळून ११,६८०, म्हणजे एका मुलामागे साधारण १,९४७ रुपये.

काकू घेतात १,०००. उरलेले ५,६८० रुपये त्या दर महिन्याला स्वतःच्या कष्टातून आणि पदरातून भरतात. ‘घरचा स्वयंपाक होतोच, त्यातच चार पोळ्या जास्त’ हे वाक्य त्याच सांगतात, त्यामुळे पालकही तेच धरून चालतात.

याचा फटका पुढे मुलांच्या ताटाला बसतो. पैसे पुरेनासे झाले की भात-वरण बंद होत नाही. आधी फळ जातं, मग अंडं किंवा पनीर, मग संध्याकाळच्या दुधाच्या जागी बिस्किटाचा पुडा येतो. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं तसंच.

दुसरा वादाचा मुद्दा म्हणजे खाडे. मूल पाच दिवस गावाला गेलं की पालक म्हणतात, जेवणाचे पैसे वजा करा. वर दिलेल्या हिशोबात पाच दिवसांत वाचतं ते फक्त सामान, म्हणजे २२५ रुपये. मावशींचा पगार तोच, काकूंचा ओट्यापाशी जाणारा वेळही जवळपास तोच. एक मूल कायमचं सोडून गेलं तर उरलेल्या पाच जणांचा खर्च प्रत्येकी २,१३८ रुपयांवर जातो. म्हणून ‘सलग सुट्टी आधी कळवली तर सामानाचे पैसे परत, एरवी नाही’ असा नियम प्रवेशाच्या वेळीच लिहून दिलेला बरा. महिन्याच्या एक तारखेला दारात उभं राहून होणारी घासाघीस दोघांनाही नकोशी असते.

‘आम्ही घरून डबा देतो’ म्हणणाऱ्यांचं काय? डबा आला तरी तो गरम करावा लागतो, भरवावा लागतो, धुवावा लागतो. दीड वर्षाच्या मुलाला भरवायला अर्धा तास सहज जातो. त्यामुळे सामानाचे पैसे वगळा, पण कष्टाचे पूर्ण वगळू नका.

वयाप्रमाणे दरही वेगळा असायला हरकत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं सगळं वेगळं शिजतं: मीठ-साखर न घालता, मऊ करून. त्याला मध अजिबात चालत नाही, कारण त्यातून बॉट्युलिझमचा धोका असतो. गाईचं दूधही आईच्या दुधाला पर्याय म्हणून या वयात देत नाहीत. लहान मुलांच्या हातात अख्खे शेंगदाणे, फुटाणे, न कापलेली द्राक्षं देणं धोक्याचं, घशात अडकतात. कुणाला शेंगदाण्याची किंवा दुधाची अॅलर्जी असेल तर ते पालकांकडून लेखी घ्या आणि फ्रिजवर लावून ठेवा.

कागदपत्रांचंही थोडं. पैसे घेऊन घरात शिजवलेलं अन्न देणाऱ्या छोट्या व्यावसायिकालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. आणि १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरायला परवानगी नाही, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर असतो. बहुतेकांच्या हिशोबात ही रक्कम कधी आलेलीच नसते.

दर वाढवायचाच असेल तर एकदम दुप्पट केला की पालक दुसरं घर शोधतात. जूनमध्ये शाळा सुरू होताना, महिनाभर आधी सांगून, आठवड्याच्या मेनूच्या कागदासोबत वाढवला तर बोलणं सोपं जातं. सोमवारी उपमा आणि केळं, मंगळवारी मुगाची खिचडी असं लिहिलेलं समोर असलं की पालकही दराबरोबर ताटात काय येणार तेच आधी विचारतात.