टाकीच्या तळाशी वाढणारी बुरशी

पावसाळाभर शेडमध्ये उभा असलेला जुना ट्रॅक्टर रब्बीच्या नांगरटीला काढला, की तासाभरात दम टाकतो. फिल्टर उघडावा तर आत काळपट, बुळबुळीत गाळ. दोष भेसळीला दिला जातो. पण हा गाळ चक्क जिवंत असू शकतो.

अर्धवट भरलेल्या टाकीतली दमट हवा रात्री गार होते, पत्र्यावर पाणी धरते. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात, नेमक्या त्या सीमेवर ‘हॉर्मोकोनिस रेझिनी’ ही बुरशी आणि काही जिवाणू वाढतात. डिझेलमधले हायड्रोकार्बन हेच त्यांचे अन्न, पण पाण्याशिवाय त्यांची वाढ होत नाही. त्यांच्यामुळे तयार होणारी आम्ले पत्राही कुरतडतात.

म्हणून नुसता फिल्टर बदलून भागत नाही. जंतुनाशक ओतले, तरी मेलेला गाळ फिल्टरमध्येच येऊन अडकतो. टाकी तळापर्यंत रिकामी करावी, स्वच्छ डिझेलने खळबळून घ्यावी, मग नवा फिल्टर बसवून लाइनमधली एअर काढावी. काढलेले डिझेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, ही कळकळीची विनंती. आणि यंत्र उभे करताना टाकी काठोकाठ भरा: दमट हवेला आत जागाच उरत नाही.