पोहताना येणारा पेटका : चिकित्सा पाण्यात, सिद्धता काठावर

एप्रिल-मे महिन्यांत शहरांतील जलतरण तलाव आणि गावोगावच्या विहिरी गजबजू लागल्या की चिकित्सालयात एक तक्रार हमखास येते : ‘पोहताना पोटरीत गोळा येतो, काहीतरी औषध द्या.’ कोणी त्यास पेटका म्हणतो, कोणी वांब. जमिनीवर हा विकार बहुधा काही मिनिटांत शमतो. खोल पाण्यात मात्र त्याच पेटक्याने मनुष्य घाबरतो, श्वासाची लय चुकते आणि प्रसंग जिवावर बेतू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख व्यक्ती बुडून मृत्यू पावल्या. बुडण्याची कारणे अनेक असली, तरी या विकाराकडे केवळ ‘तेल लावा’ एवढ्यावर भागवू नये, असे आम्हांस वाटते.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात ८० नानात्मज वातविकारांत पिण्डिकोद्वेष्टन गणले आहे. चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात पाद, जंघा, ऊरू व करमूल पिळवटणाऱ्या खल्लीचे वर्णन येते. विसूचिकेच्या लक्षणांतही उद्वेष्टन आहे. परंतु तेथे द्रवक्षय हा हेतू उघड असतो. पोहणाऱ्याच्या बाबतीत अतिव्यायाम व शीतस्पर्श हे हेतू प्रथम तपासावेत. लक्षण एक असले तरी हेतू भिन्न, म्हणून चिकित्साही भिन्न.

कारणमीमांसा

पाय मारताना पोहणारा चवडा लांबवून पाऊल ताठ ठेवतो. त्यामुळे पोटरीचे व तळव्याचे स्नायू आखडलेल्या स्थितीतच काम करीत राहतात. आधुनिक मतानुसार थकलेल्या स्नायूस आकुंचनाची प्रेरणा देणारे चेतासंदेश वाढतात आणि कंडरेकडून येणारे रोधक संदेश क्षीण होतात. स्नायू ताणला की कंडरेवर ताण पडतो, रोधक संदेश पुन्हा जागे होतात व पेटका सुटतो. शिवाय पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. स्पर्धेच्या तलावातील २५ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणीदेखील शरीराहून सुमारे १० अंशांनी थंडच असते. वर्षभराच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी केलेला अतिरेक आणि भिंतीला जोराने पाय मारून घेतलेले वळण यांनीही पेटक्यास निमित्त मिळते.

पाण्यात असताना

पेटका येताच पाय मारणे थांबवावे. उताणे होऊन तरंगावे, श्वास संथ ठेवावा व मोठ्याने हाक द्यावी. पोटरीत पेटका असल्यास गुडघा सरळ करून पाऊल नडगीकडे ओढावे. तळव्यात असल्यास बोटेही नडगीकडे वळवावीत. मांडीच्या मागील बाजूस असल्यास गुडघा सरळ करावा. पुढील बाजूस असल्यास तो वाकवून टाच नितंबाकडे न्यावी. हाताने अंगठा ओढण्यासाठी वाकावे लागते व तोंड पाण्याखाली जाते. म्हणून नवशिक्याने तो खटाटोप न करता पाऊल स्नायूंच्या बळानेच वर ओढावे. पेटका सुटल्यावर पायांना विश्रांती देऊन केवळ हातांनी काठ गाठावा व त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरू नये. काठावरील अप्रशिक्षित व्यक्तीने उडी न घेता दोर, बांबू किंवा हवा भरलेली ट्यूब द्यावी. ही सर्व कृती कमरेएवढ्या पाण्यात आधी गिरवलेली असावी.

प्रतिबंध

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा आचार्यांचा दंडक येथे अक्षरशः लागू पडतो. पाण्यात उतरण्यापूर्वी हलका व्यायाम करून पोटरी ताणावी. दिवसागणिक अंतर थोडे थोडे वाढवावे. अभ्यंगासाठी तिळाचे, बला किंवा सहचर तेल प्रकृती पाहून योजावे. परंतु ते रात्री लावावे. पोहण्यापूर्वी लावलेल्या तेलाने फरशी निसरडी होते व तलावाचे पाणीही दूषित होते.

औषधालयातील विवेक

औषधविक्रेत्या बंधूंना आमची विशेष विनंती आहे. पेटक्यासाठी क्विनाइन मागणाऱ्यास ते देऊ नये. रक्त व हृदयावरील गंभीर दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये या वापराविरुद्ध इशारा दिला. मॅग्नेशियमचा ज्येष्ठांच्या पेटक्यांत लक्षणीय लाभ संभवत नाही, असा २०२० च्या कॉक्रेन समीक्षेचा निष्कर्ष आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णास मीठ-पाण्याचा सल्ला सरसकट देऊ नये. मूत्रल औषधे किंवा कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू आहे काय, हे विचारावे. परंतु ती परस्पर बंद करण्यास सांगू नये.

मर्दन कोठे वर्ज्य

एकाच पोटरीत टिकून राहणारी वेदना, सूज व उष्णता आढळल्यास खोल शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शंका घ्यावी. तेथे मर्दन व स्वेदन न करता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे, कारण गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास मृत्यू संभवतो. ठरावीक अंतर चालताच पोटरी दुखून थांबल्यावर शमत असेल, तर पायाच्या धमनीतील अवरोध तपासावा. मधुमेही व तंबाखूसेवी रुग्णांत तर अवश्य. अतिश्रमानंतर तीव्र स्नायुवेदना व गडद तपकिरी मूत्र ही स्नायुनाशाची चिन्हे असून तेथेही विलंब नको. वारंवार येणाऱ्या पेटक्यांत थायरॉइड, मूत्रपिंड व गर्भावस्था यांचा विचार करावा.

तेलाची बाटली घरी राहते. पाण्यात रुग्णासोबत केवळ त्याला शिकवलेली कृती असते. म्हणून उन्हाळ्यापूर्वी ‘थांबा, उताणे तरंगा, हाक द्या, पाऊल वर ओढा, हातांनी काठ गाठा’ ही पाच वाक्ये प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात ठळक अक्षरांत लावावीत. व्यवस्थापत्र हाती देताना ती रुग्णाकडून एकदा वदवूनही घ्यावीत, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना सूचना आहे.