नैसर्गिक वायू : ऊर्जासंक्रमणातील स्थान आणि भवितव्य

नैसर्गिक वायू हे भूगर्भात साठलेल्या हायड्रोकार्बन वायूंचे मिश्रण होय. मिथेन हा त्याचा मुख्य घटक असून इथेन, प्रोपेन, ब्यूटेन, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन हे वायू त्यात कमी-अधिक प्रमाणात आढळतात. शुद्ध मिथेन रंगहीन व गंधहीन असतो. घरगुती वायूला येणारा उग्र दर्प हा गळती चटकन ध्यानात यावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त संयुगाचा असतो.

उत्पत्तीनुसार या वायूचे दोन प्रकार मानले जातात. गाळात गाडल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्यावर कोट्यवधी वर्षे उष्णता व दाब यांची क्रिया होऊन तापजन्य वायू बनतो. उथळ थरांत सूक्ष्मजंतूंच्या क्रियेतून निर्माण होणाऱ्या वायूस जीवजन्य वायू म्हणतात. गोबरगॅस संयंत्रात मिथेन तयार होतो तो याच प्रकारच्या क्रियेने. आढळण्याच्या स्थानानुसारही वर्गीकरण केले जाते. खनिज तेलासोबत निघणारा तो सहचारी वायू, स्वतंत्र साठ्यातून मिळणारा तो असहचारी वायू. शेल खडकातील वायू आणि दगडी कोळशाच्या थरांतील मिथेन यांची गणना अपारंपरिक साठ्यांत होते.

भारताच्या वायुउद्योगात अरबी समुद्राला मध्यवर्ती स्थान आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधननौकेने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय हे तेलक्षेत्र शोधले आणि १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. तेथील सहचारी वायूसाठी उरण येथे प्रक्रियाकेंद्र उभे राहिले. त्या वायूवर उरणचे वीजकेंद्र आणि थळचा खतकारखाना यांची उभारणी झाली. वसई क्षेत्राचा वायू हजिरा येथे नेण्यात आला आणि तेथून हजिरा-विजयपूर-जगदीशपूर या दीर्घ वाहिनीद्वारे उत्तर भारतात पोहोचला.

देशांतर्गत उत्पादन अपुरे पडू लागल्यावर आयात अपरिहार्य झाली. वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला असता द्रवरूप होतो व त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. त्यामुळे जहाजातून त्याची वाहतूक शक्य होते. दहेज येथे २००४ मध्ये आणि दाभोळ येथे २०१३ मध्ये द्रवरूप वायूची आयातस्थानके कार्यान्वित झाली. भारताच्या गरजेपैकी जवळजवळ निम्मा वायू आज बाहेरून येतो. साहजिकच, २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर जागतिक बाजारात उसळलेल्या किमतींची झळ येथील उद्योगांनाही बसली.

वायूला ‘सेतू-इंधन’ म्हटले जाते, त्यामागे सबळ कारण आहे. तेवढीच वीज कोळशापासून निर्माण करताना जितका कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याच्या सुमारे निम्माच वायूच्या ज्वलनातून निघतो. राख उरत नाही व सूक्ष्म कणांचे प्रदूषणही अत्यल्प होते. मात्र न जळता निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटींहून अधिक तापकारक ठरतो. विहिरी, वाहिन्या व झडपांतील गळती रोखली नाही, तर कोळशावरील ही आघाडी बरीचशी नाहीशी होते.

नवीकरणीय ऊर्जेच्या विस्तारात वायूचे भवितव्य सर्व क्षेत्रांत सारखे राहणार नाही. वीजनिर्मितीत त्याचे स्थान आताच दुय्यम आहे. आयात वायूची वीज सौरविजेपेक्षा महाग पडते, म्हणून देशातील वायुकेंद्रांची बरीच क्षमता वापराविना राहते. दाभोळचा १,९६७ मेगावॅटचा प्रकल्प हे त्याचे परिचित उदाहरण. मात्र वायुचक्की, म्हणजेच गॅस टर्बाइन, अल्पावधीत सुरू वा बंद करता येते. सूर्यास्तानंतरची वाढती मागणी भागवण्यास हा गुण उपयोगी पडतो. परंतु विद्युतघट आणि घाटघरच्या २५० मेगावॅट प्रकल्पासारखी उदंचन केंद्रे हेच काम इंधनाविना करू लागली आहेत.

खतनिर्मितीतील स्थिती निराळी आहे. तेथे वायू हा कच्चा मालही आहे. त्याच्यापासून हायड्रोजन, हायड्रोजनपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया बनतो. नवीकरणीय विजेने पाण्याचे विघटन करून मिळणारा हरित हायड्रोजन त्याची जागा घेऊ शकेल. यासाठी जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी मिळाली. तथापि त्याचा उत्पादनखर्च पुरेसा उतरेपर्यंत खतकारखान्यांना वायू लागतच राहील.

शहरी वितरणासाठी तिसरा मार्ग उपलब्ध आहे. शेण, उसाची मळी व शहरी ओला कचरा यांपासून मिळणारा शुद्ध केलेला संपीडित जैववायू रासायनिकदृष्ट्या मिथेनच असल्याने तो प्रचलित वाहिन्यांतून व वाहनांतून वापरता येतो. यास चालना देणारी ‘सतत’ योजना २०१८ मध्ये सुरू झाली. साखर कारखान्यांचे जाळे असलेल्या महाराष्ट्राला यात मोठी संधी आहे.

भारताने ऊर्जावापरातील वायूचा वाटा सुमारे सहा टक्क्यांवरून २०३० पर्यंत पंधरा टक्क्यांवर नेण्याचे, तसेच २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे ध्येय ठेवले आहे. या दोन उद्दिष्टांचा मेळ घालायचा असेल, तर नवी वायुकेंद्रे उभारण्यापेक्षा गळतीनियंत्रण, खतांसाठी खात्रीचा पुरवठा आणि जैववायूची जोडणी यांवर गुंतवणूक करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.